पांढरखडीचा उघडा ठिपका

जपून, पोरींनो. पाय उचलून टाका. त्या रांगोळ्या अजून पुऱ्या व्हायच्या आहेत.

सकाळी आमच्या आळीत येणारा प्रत्येक नवा माणूस इथे थबकतो. दोन्ही बाजूंना मिळून बावीस घरं, बावीस अंगणं, प्रत्येक अंगणात ठिपक्यांची रांगोळी, आणि प्रत्येक रांगोळीत एक ठिपका उघडा. रेघ त्याच्याजवळ येते आणि थांबते. मागच्या वर्षी एक फोटो काढणारे गृहस्थ आले होते. त्यांना वाटलं, बायका घाईत विसरल्या. त्यांनी मोठ्या कौतुकानं स्वतःच्या बोटानं एक ठिपका जोडून टाकला. त्या घरची म्हातारी बाहेर आली आणि त्यांना काय काय बोलली, ते मी सांगत नाही. तुम्ही नर्सचं शिक्षण घ्यायला आलेल्या मुली आहात.

तर नीट बघून घ्या. आमच्याकडे कुठलीही बाई स्वतःच्या दारात रांगोळी काढत नाही. दुसरीच्या दारात काढते, एक ठिपका सोडते आणि परत येते. मग घरची बाई बाहेर येते, वाकते, चिमूटभर रांगोळी घेऊन तो ठिपका जोडते. ऊन उंबऱ्याला लागेपर्यंत ठिपका उघडाच राहिला, तर जिनं रांगोळी काढली ती त्या घरात शिरते. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, सरळ आत. आतली बाई तापानं पडलेली असेल, नवऱ्यानं मारलेलं असेल, किंवा नुसतंच उठावंसं वाटत नसेल. मी या गावात एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. कोण आजारी आहे, ते मला दवाखान्याच्या आधी या अंगणांनी सांगितलेलं आहे.

हे कुणी सुरू केलं, असं तुमच्या मॅडमनी मघाशी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की कुणीतरी मोठ्या मनाची, सगळ्यांना मायेनं जवळ घेणारी बाई असणार, असं त्यांना वाटतंय. नव्हती. चांगली जळकुटी बाई होती ती. भिवरा तिचं नाव. बसा इथे ओट्यावर, सांगते.

कुठल्या साली घडलं ते विचारू नका. माझ्या आजेसासूला तिच्या आजेसासूनं सांगितलं, एवढंच मला माहीत. भिवरा आणि सगुणा एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आल्या म्हणे. आळी साळ्यांची. आता दोनच माग उरलेत, तेव्हा घरोघरी होते, आणि दिवसभर खटखट ऐकू यायची. दोघींची घरं समोरासमोर, मधे बारा पावलांची वाट. भिवराचं घर भरलेलं. चार माग, दुभती म्हैस, पाठोपाठ तीन मुलगे, आणि स्वतः दिसायला अशी, की बाजारात लोक वळून बघत. सगुणाकडे एकच माग, केरबा नावाचा साधाभोळा नवरा, आणि लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली एक मुलगी, मैना. पण सगुणाच्या हातात रांगोळी होती.

गावामागच्या टेकाडावर पांढरा मऊ दगड सापडतो, शिरगोळा. गावाचं पांढरखडी हे नाव त्यावरूनच पडलं. तो कुटून, वस्त्रगाळ करून रांगोळी करायची. सगळ्या बायकांची रांगोळी त्याच दगडाची, तरी सगुणाच्या चिमटीतून रेघ सुटायची ती कांडीवरून सूत सुटावं तशी, सलग आणि सारख्या जाडीची. बारसं असो, लग्न असो, देवीचा उत्सव असो, बोलावणं सगुणाला यायचं. ती जायची, काढायची आणि घरी यायची. लोक तोंड भरून कौतुक करत आणि ही मान वर करून बघायचीसुद्धा नाही. भिवराला तेच सगळ्यात जास्त झोंबायचं. निदान मिरवली असती, तर नावं तरी ठेवता आली असती.

भिवरानं काय करायचं बाकी ठेवलं नाही. टेकाडाच्या पार वरचा दगड आणायची, कारण तो जास्त पांढरा. पीठ लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळायची. दाराआड उभी राहून सगुणाच्या ठिपक्यांच्या ओळी मोजायची आणि आपल्या रांगोळीत दोन जास्त घालायची. एकदा तर आपली कोंबडी मुद्दाम सगुणाच्या अंगणात सोडली आणि वर ‘मुक्या जिवाला काय कळतंय’ म्हणाली. सगुणानं कोंबडी हुसकली, जिथे पुसलं होतं तिथे एक वेल काढली, आणि रांगोळी आधीपेक्षा छान दिसायला लागली. भिवरा त्या दिवशी जेवली नाही. देवीपुढे उभी राहून ती रोज एकच मागायची, सगुणाच्या बोटाला नखुरडं होऊ दे. देवीनं ते काही मनावर घेतलं नाही.

आता कुणी म्हणेल, की एवढं सगळं असताना हिला हवं तरी काय होतं? मला विचाराल तर, नखुरडं मागितलं तरी तिला सगुणाचं खरं वाईट व्हायला नको होतं. आपल्याला जसा सगुणाचा हेवा वाटतो, तसा सगुणाला आपला एकदा तरी वाटावा, एवढंच तिला हवं होतं. घराचा नाही, मुलांचा नाही, म्हशीचा नाही. हातातल्या रांगोळीचा. एकदाच सगुणानं थांबून बघावं आणि जळावं. पण सगुणा समोरच्या अंगणाकडे बघायची ती आभाळाकडे बघावं तशी, पाऊस येतोय का एवढंच पाहायला.

मग साथ आली. कसली, ते कुणाला सांगता येत नाही. नुसता ताप म्हणतात. या बावीस घरांतली नऊ माणसं गेली. माग बंद पडले. सगुणाची मैना गेली, पाच वर्षांची होती. त्यानंतर सगुणालाही ताप आला. तिचा उतरला. पण ताप उतरला तरी ती उठली नाही. भिंतीकडे तोंड करून जी पडली, ती पडलीच. बोलेना, रडेना, घोटभर पेज तोंडाशी नेली तर ओठ उघडेना. केरबानं लांबच्या गावाहून एका म्हाताऱ्या वैद्याला आणलं. त्यानं नाडी बघितली, डोळे बघितले आणि झोळी बांधली.

“अंगातला ताप गेलाय,” तो म्हणाला. “आता हिच्यासाठी माज्या झोळीत काई न्हाई. उठली तर हिच्या मनानं उठंल.”

अशी ती महिनाभर पडून होती म्हणे. केरबा पेजेत बुडवलेलं फडकं तिच्या ओठांत पिळत राहायचा, तेवढ्यावर जगलेली. आळीतल्या बायका येऊन उशाशी बसून रडून जायच्या. त्यांच्या घरचीही माणसं गेलेली. एकीचं बघून दुसरी रडायची आणि घरी जाऊन तीही आडवी व्हायची. आळीत कुणाच्या अंगणात सडा पडत नव्हता.

भिवराच्या घरचं मात्र कुणी गेलं नव्हतं. आणि तिच्या मनात काय आलं, ते आमच्याकडे लपवून ठेवत नाहीत. तिला वाटलं, आता आपली पाळी. देवीचा उत्सव जवळ आला होता. साथ हटावी म्हणून यंदा तो करायचाच असं गावानं ठरवलं, आणि देवळापुढची रांगोळी भिवराला सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं अख्खी सकाळ खपून अशी रांगोळी काढली, की पुजारीसुद्धा ओलांडायला कचरला. लोक जमले. बघत राहिले. आणि त्यातली एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, “ब्येस हाय गं. पर सगुणा असती तर...”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगुणा जिवंत होती, घरात होती, आणि लोक तिच्याबद्दल देवाघरी गेलेल्या माणसासारखं बोलत होते. भिवराला कळून चुकलं, की ही बाई अशीच पडून राहिली आणि अशीच गेली, तर तिच्या पुढे जाणं कधीच जमायचं नाही. मेलेल्या माणसाच्या रांगोळीत कुणाला चूक काढून दाखवता येते? ती तणतणत घरी गेली म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रांगोळीचं ताट उचललं आणि ती बारा पावलं चालून गेली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. सगुणाच्या अंगणात सडा घातला, सारवलं, आणि ठिपके मांडायला बसली. केरबाला वाटलं, काय हे माणूस! तो दारात येऊन हात जोडून उभा राहिला.

“वैनी, तुमचं उपकार कसं फेडू?”

“दार उगडं ठेवा सताड,” भिवरा म्हणाली. “आन् तिचं तोंड हिकडं करा.”

बिचाऱ्यानं तसं केलं. वाकळेवर पडलेल्या सगुणाला त्यानं कुशीवर वळवलं. आता तिला अंगण दिसत होतं. भिवरानं कमळ काढायला घेतलं, मोठं, दुहेरी पाकळ्यांचं. एक डोळा रांगोळीवर, दुसरा सगुणाच्या तोंडावर. बघ, बघ, तुझ्या अंगणात मी काय काढते ते बघ. त्या घाईत उजवीकडच्या एका पाकळीचा ठिपका चुकला आणि पाकळी फुगली. भिवराला ते कळलंसुद्धा नाही. काढून झाल्यावर ती हात झटकून वाटेच्या कडेला उकिडवी बसली.

बराच वेळ काही झालं नाही. मग सगुणाचे डोळे हलले. ते एका जागी येऊन थांबले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. महिनाभरानं त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही उमटलं, आणि ती आठी होती. सगुणानं कोपरावर जोर दिला. केरबा धरायला गेला तर त्याचा हात झटकला. खुरडत, थांबत, दम घेत ती उंबऱ्याशी आली, हात लांब केला, बोटानं ती फुगलेली पाकळी पुसली आणि तळवा पसरला. केरबा नुसता बघत राहिला. शेवटी भिवरानंच उठून त्या तळव्यावर चिमूटभर रांगोळी घातली. सगुणानं पाकळी नीट केली. मग तिथेच उंबऱ्यावर डोकं टेकून पडली, आणि केरबानं पेजेची वाटी लावली तेव्हा प्यायली.

आळीत बातमी फुटली. भिवरानं सगुणाला उठवलं. बायका भिवराच्या पाया पडायला आल्या. तिला ते ऐकूही येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे एकच होतं, ते सगुणाचं बोट. मरायला टेकलेल्या बाईनं पडल्या पडल्या आपली चूक काढली!

तर दुसऱ्या दिवशी भिवरा आणखी अवघड रांगोळी घेऊन हजर. सगुणानं तीत एक रेघ जाड काढल्याचं दाखवलं. तिसऱ्या दिवशी कासव काढलं, त्याचा एक पाय आखूड निघाला. भिवरा घरी जाऊन मागाच्या खोलीत जमिनीवर सराव करायची, पुसायची, परत काढायची. मुलं म्हणायची, आई भाकरी, तर ती म्हणायची, थांबा. सकाळी ताट घेऊन परत समोर. रोज चूक निघायची, आणि ती काढायला सगुणा रोज थोडी पुढे यायची. उंबरा, मग उंबऱ्याबाहेर एक हात, मग दोन हात. चूक उंबऱ्यापासून जितकी लांब, तितकं तिला जास्त यावं लागे. बाराव्या दिवशी ती बोलली. मैना गेल्यापासूनचे तिचे पहिले शब्द होते, “रेघ वाकडी गेलीया.”

केरबा ओक्साबोक्शी रडला. भिवराही रडली, पण ती संतापानं.

आणि आणखी एक झालं, ते भिवराच्या गावीही नव्हतं. आज काय निघतंय, ते बघायला आळीतल्या बायका बाहेर यायला लागल्या. आधी नुसत्या दारात, मग वाटेत, मग सकाळच्या उन्हात घोळका करून बसायच्या. दोन तट पडले. आज भिवरा जिंकणार म्हणणाऱ्या आणि आज सगुणा पकडणार म्हणणाऱ्या. भांडायच्या, हसायच्या, आणि आलोच आहोत बाहेर तर म्हणून आपापल्या अंगणात सडा टाकायच्या. साथीनंतर त्या आळीत माणसं पहिल्यांदा हसली ती या दोघींच्या पायी. तुमच्या पुस्तकात याला काहीतरी मोठा शब्द असेल. आमच्याकडे नाही.

अठराव्या दिवशी भिवराला ती रांगोळी साधली.

एकवीस ओळी ठिपक्यांच्या, आणि सगळ्यांतून फिरणारी एकच रेघ, कुठेही न तुटणारी. ती काढायला बसली तेव्हाच तिच्या हाताला कळलं असणार. मलाही कधी कधी कळतं, आज हात वेगळा चाललाय. बायका बोलायच्या थांबल्या. रेघ वळत गेली, आत शिरली, बाहेर आली, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. सगुणा दारात चौकट धरून उभी होती आणि वरपासून तपासत होती. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. भिवरा शेवटच्या ठिपक्यापाशी आली आणि तिनं मान वर केली. हा क्षण तिला इतकी वर्षं हवा होता. सगुणाच्या चेहऱ्यावर तो हेवा उमटताना तिला बघायचं होतं.

पण चेहऱ्यावर हेवा नव्हता. सगुणाची नजर शेवटच्या ओळीपर्यंत आली होती आणि तिला काही सापडलं नव्हतं. आणि सापडलं नाही, तसा तो चेहरा मिटत चालला होता, महिनाभर भिंतीकडे वळलेला असायचा तसाच. चौकटीवरचा हात सुटला. तिनं एक पाऊल मागे, आतल्या अंधाराकडे टाकलं. इथे आता आपलं काही काम उरलं नाही, असं ते पाऊल होतं.

असं सांगतात, की भिवरा चिमूट भरून तशीच बसून राहिली. एक ठिपका उरला होता. तो जोडला की गावात तिच्यासारखी रांगोळी कुणाची नाही, हे सगुणासकट सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं असतं. किती वेळ बसली? म्हैस दुहून व्हावी इतका, असं माझी आजेसासू म्हणायची, पण तो भिवराला वाटला तेवढा असणार. मग तिनं चिमटीतली रांगोळी ताटात परत टाकली, हात झटकले आणि उठली.

“झालं,” ती म्हणाली.

सगुणा वळता वळता थांबली. तिनं बघितलं. मग कुणाचा हात न धरता ती उंबरा ओलांडून बाहेर पडली, अंगणाच्या मधोमध आली, खाली बसली आणि तो ठिपका जोडला.

“भिवराचा ठिपका ऱ्हायला!” बायकांनी एकच गिल्ला केला. “सगुणानं धरला!” सगुणाच्या तटाच्या बायकांनी फेर धरला. कुणीतरी सगुणाला घट्ट मिठी मारली, आणि तेव्हा ती मैनाचं नाव घेऊन पहिल्यांदा मोठ्यानं रडली. भिवरा ताट उचलून बारा पावलं चालून घरी गेली.

त्यानंतर सगुणा बरी झाली. तिला पुढे दोन मुलगे झाले. तिची रांगोळी पुन्हा सुरू झाली आणि बोलावणी पुन्हा तिलाच यायला लागली. साथीत पडलेली आळी उठली होती, आणि बायकांना दुसरीच्या अंगणात रांगोळी काढायची चटक लागली होती. कोण उठली, कोण नाही, हे त्यातून कळतं, हेही त्यांना उमगलं. म्हणून त्यांनी ती रीत चालू ठेवली, आणि गंमत म्हणून एक ठिपका सोडायला लागल्या, भिवराचा ठिपका म्हणून. गंमत भिवरासाठी नव्हती. लग्नात, बारशात, झिम्मा खेळताना, जिथे तिथे तिला चिडवत. सगळं जमलं आणि ठिपका राहिला! ती ऐकून घ्यायची. एक शब्द बोलली नाही. सगुणाच्या दारात मात्र रोज जायची, रोज ठिपका सोडायची, आणि परत येताना तिचा जीव जळायचा. कारण तिच्या दारात सगुणा कधी यायची नाही. आधी दुसरी कुणीतरी यायची, पुढे सगुणाची सून. माझ्या दारात वाकायला हिला कमीपणा वाटतो, असं भिवरा मनाशी म्हणत राहिली. अशी चाळीस वर्षं गेली.

भिवराचा नवरा वारला. मुलगे माग घेऊन मोठ्या गावाला गेले. तिचे हात कापायला लागले, चिमटीतून रांगोळी सांडायला लागली, आणि तिनं ताट फळीवर ठेवून दिलं. नवरा गेल्यावर तिच्या दारात रांगोळी नको, असं जाणत्या म्हणवणाऱ्यांनी सांगितलं आणि सगुणाच्या सुनेचंही येणं थांबलं. बावीस अंगणांत एक अंगण कोरं. भिवरा एका सकाळी उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंगात ताप नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि भाकरीचा तुकडा कुणी पुढे केला तर बघत नव्हती.

बायका हळहळल्या. जाणत्यांना न विचारता दोघी-तिघींनी मिळून तिच्या दारात रांगोळी काढली, ठिपका सोडला, तिला उठवून दाराकडे वळवलं. भिवरानं एकदा बघितलं.

“दया आली व्हय माजी?” ती म्हणाली. “पुसून टाका ती.” आणि परत भिंतीकडे वळली.

मग सगुणा आली. काठी टेकत, दुसऱ्या हातात ताट. ती बारा पावलं ती चाळीस वर्षांत पहिल्यांदा चालत होती. विधवेच्या दारात सगुणा ताट घेऊन चाललीय म्हटल्यावर अख्खी आळी बाहेर आली. ती कुणाशी बोलली नाही. खाली बसली, आणि तीच काढली. एकवीस ओळी, एकच रेघ. म्हाताऱ्या हातानं तिला बराच वेळ लागला. शेवटचा ठिपका सोडला, आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला.

“भिवरे, ऐकतीस न्हवं? त्या दिशी तुजा ठिपका ऱ्हायला न्हवता. तू सोडलावतास. म्या बगितलं.”

सगुणानं काठी जमिनीवर आपटली.

“ती रांगोळी माज्या हातची असती, तर म्या सोडला नसता. पुरी केली असती, तू मेली असतीस तरी. त्या एका ठिपक्यापायी जलमभर तुजा हेवा करतीया मी.”

बायका पुढे सरकल्या. मग आतून, भिंतीच्या बाजूनं, आवाज आला.

“मग चाळीस वर्सं बोलली का न्हाईस?”

“बोलली असती तर तुजं नाव झालं असतं. ते मला बगवलं नसतं.”

बऱ्याच वेळानं भिवरा दारात आली, चौकट धरत. तिनं खाली बसून आधी ती सगळी रांगोळी ओळीनं तपासली, आणि एका वळणावर बोट ठेवून म्हणाली, “हितं जाड झालीया.” सगुणानं ते मुकाट्यानं नीट केलं. मग भिवरानं कापऱ्या हातानं ठिपका जोडला. त्या दिवशी ती पोटभर जेवली म्हणे, आणि पुढे आणखी नऊ वर्षं जगली. शेवटपर्यंत सगुणा स्वतः तिच्या दारात येत होती.

आजही आमच्या आळीत मैत्रिणीच्या दारात रांगोळी काढत नाहीत. जिचा हेवा वाटतो तिच्या दारात काढतात. विधवा असो, टाकलेली असो, एकही अंगण कोरं ठेवत नाहीत. नवी सून आली की ही ताट घेऊन कुणाच्या दारात जाते, यावर वर्षभर सगळ्यांचा डोळा असतो. हसू नका. मायेचं माणूस आपल्याला विसरतं, त्याला आपली कामं असतात. हेवा करणारी विसरत नाही. आपण किती वाजता उठलो, काल आपल्याकडे दूध का नाही आलं, आपला आवाज का बसलाय, हे आपल्या बहिणीला ठाऊक नसतं, पण तिला असतं. सगळ्यात अवघड असतं ते जिच्याकडे काहीच नाही अशा बाईचं. मग आम्ही चौघी बसतो आणि तिच्यात हेवा करण्याजोगं काय आहे ते शोधतो. मन लावून शोधलं की सापडतं. एकीची तर नुसती झोप निघाली. पडली की लागायची. मला खरंच हेवा वाटला, आणि मी चार वर्षं तिच्या दारात काढली.

आता मी समोरच्या हौसाबाईच्या दारात काढते, आणि का काढते ते अख्ख्या आळीला माहीत आहे. घर भरलेलं, तीन नातवंडं, दात सगळे शाबूत, आणि मला मिळायला हवं होतं ते बचत गटाचं अध्यक्षपद तिच्याकडे. माझं काय? मालक गेले, मुलगा लांब, गुडघे वाकत नाहीत, एका डोळ्यात मोतीबिंदू. तरी अकरा वर्षं माझ्या दारात हौसाबाई काढते. आधी मला वाटलं, दया. पण दयेची रांगोळी मला ओळखू येते, आणि ही ती नव्हे. चांगली दात-ओठ खाऊन काढलेली असते. मी तिला कितीदा विचारलं, बाई गं, माझा तुला हेवा कसला वाटतो? ती सांगत नाही. नुसती बघते आणि ताट उचलून निघून जाते. काही सकाळी माझं अंग नको म्हणतं, उठून तरी काय करायचं असं वाटतं. पण मग वाटतं, आज सांगेल. म्हणून उठते.